प्रबंध-परीक्षकाची सिद्धता : पीएच्. डी. नियमावलीच्या तीन पाठांची चिकित्सा

या त्रैमासिकाच्या वाचकांस जुनीं कागदपत्रें वाचण्याची संवय आहे. आज त्यांच्यापुढें मांडावयाचे कागद मात्र अगदीं अलीकडचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें पीएच्. डी. पदवीच्या किमान दर्जाविषयीं इ. स. २००९, २०१६ व २०२२ या सालीं जी नियमावली प्रसिद्ध केली, तिचे हे तीन पाठ होत. एकाच ग्रंथाच्या तीन पोथ्या हातीं आल्या असतां संशोधक त्या शेजारीं शेजारीं मांडून काय वाढलें, काय गळलें व काय प्रथमपासूनच नव्हतें हें पाहतो. तेंच आम्हीं येथें केलें आहे. प्रश्न एवढाच कीं, प्रबंध तपासणारा परीक्षक आपल्या कामास सिद्ध कसा व्हावा याविषयीं हे पाठ काय सांगतात. सोलापुरासारख्या ठिकाणीं, जेथें इतिहासाचा अभ्यास मराठी, कानडी, तेलुगु, दखनी व फारशी यांच्या संगमावर उभा आहे, तेथें हा प्रश्न केवळ विद्यापीठाच्या कचेरीचा राहत नाहीं. कागद जपणाऱ्या प्रत्येक घराचा तो होतो.

प्रथम पाठभेद पाहूं. २००९ च्या पाठांत प्रबंध निदान दोन तज्ज्ञांनीं तपासावा, त्यांपैकीं एक तरी राज्याबाहेरचा असावा व परदेशचा परीक्षक नेमणें विद्यापीठाच्या मर्जीवर असावें, असें आहे. २०१६ च्या पाठांत मार्गदर्शक व त्याखेरीज निदान दोन बाहेरचे परीक्षक आले. ते त्या संस्थेच्या नोकरींत नसावेत ही अट आली. एक परीक्षक परदेशचा असूं शकतो असें म्हटलें. तोंडी परीक्षा विभागांतील अध्यापकांस, इतर संशोधक विद्यार्थ्यांस व विषयांत रस घेणाऱ्या जाणकारांस मोकळी असावी, ही चांगली गोष्टही या पाठांत नोंदली गेली. २०२२ च्या पाठानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें : परीक्षक त्या विषयाचा जाणता असावा व विद्वत्तापूर्ण प्रकाशनांची चांगली परंपरा असलेला अध्यापक असावा, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां तिन्ही पाठ पाहतां परीक्षक कोण असावा व कोण नसावा याविषयींचा मजकूर वाढत गेला आहे, यांत शंका नाहीं. वाढ योग्य दिशेनें झाली आहे हेंही आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

आतां त्याच नियमावलींत इतर दोन पक्षांविषयीं काय आहे तें पाहावें. विद्यार्थ्यानें प्रवेशानंतर निदान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा, त्यांत संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा पाठ असावा, इतकेंच नव्हे तर आपल्या विषयाच्या अध्यापनाचें व लेखनाचेंही शिक्षण त्यानें घ्यावें, असें २०२२ चा पाठ सांगतो. मार्गदर्शकाची पात्रता तर मोजून दिली आहे : प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक यांचे निदान पांच संशोधनलेख, सहायक प्राध्यापकाचे निदान तीन, आणि एका वेळीं हाताखालीं विद्यार्थी अनुक्रमें आठ, सहा व चार यांहून अधिक नसावेत. विद्यार्थी शिकावा, मार्गदर्शक मोजला जावा. पण ज्याच्या शेऱ्यावर या दोघांचे कष्ट ठरावयाचे, त्या परीक्षकानें परीक्षा करण्याची विद्या कोठें, कोणाजवळ व किती दिवस शिकावी, यासंबंधीं तिन्ही पाठांत एक ओळ नाहीं. हा मजकूर लेखकाच्या हातून गळलेला नव्हे. तो प्रथमपासूनच लिहिला गेलेला नाहीं. नियमावलीवरील आमचा मुख्य आक्षेप तो हाच.

यावर कोणी म्हणेल कीं, विद्वानास परीक्षा करावयास वेगळें शिकवावें लागतें काय? ज्यानें स्वतः प्रबंध लिहिला, लेख छापले, त्यास दुसऱ्याचा प्रबंध पारखतां येणारच. हा समज आम्हीं स्वतः एके काळीं बाळगिला होता, म्हणून त्याचें फळही सांगणें आमचें कर्तव्य आहे. आम्ही प्रथम परीक्षक झालों तेव्हां आमच्यापुढें आलेल्या प्रबंधांतील शुद्धलेखनाच्या चुका आम्हीं मोठ्या निष्ठेनें टिपल्या, ग्रंथसूचींतील स्वल्पविरामही सुधारले, आणि आपण मोठें काटेकोर काम केलें या समाधानांत अहवाल धाडला. प्रबंधाचा सारा डोलारा एका घराण्याच्या दफ्तरावर उभा होता. विद्यार्थ्यानें तें दफ्तर पाहिलें होतें, कीं छापील निवड्यावरून उतारे घेऊन दफ्तराचें नांव तळटीपेंत घातलें होतें, हा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता. तो आम्हांस सुचला नाहीं. विद्या होती, परीक्षकाची नजर नव्हती. ती कोणी शिकविली नव्हती व आम्हींही शिकावी असें कोणी म्हटलें नव्हतें.

आमचाच अनुभव अपवादात्मक असेल असें वाटून आम्हीं इतरत्र शोध केला. ऑस्ट्रेलियांतील मुलिन्स व काइली या दोघां संशोधकांनीं ३० अनुभवी परीक्षकांच्या मुलाखती घेऊन २००२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या देशांत पदवीचा निर्णय बहुतांशीं परीक्षकांच्या लेखी अहवालांवर होत आला असल्यानें या निबंधास विशेष महत्त्व आहे. त्यांत असें दिसून आलें कीं, मुरलेला परीक्षक प्रबंध उत्तीर्ण होईल अशा अपेक्षेनेंच हातीं घेतो. त्याचें मत पहिल्या दोनतीन प्रकरणांतच बनूं लागतें. आणि हाताळणींत हयगय दिसली कीं तो सावध होतो, कारण वरची हयगय आंतल्या हयगयीची सूचना असते. नवा परीक्षक मात्र, आपण कमी पडूं नये या धास्तीनें, अधिक कठोर होण्याकडे झुकतो. हें वाचून आम्हांस आमचा तो पहिला अहवाल आठवला. आमची कठोरता स्वल्पविरामांवर खर्च झाली होती, एवढाच फरक.

कठोरपणाचें व ढिलाईचें मूळ एकच, तें म्हणजे कोठें पाहावें हें ठाऊक नसणें. याचें एक उदाहरण या मासिकाच्या वाचकांस तत्काळ पटेल. मराठी कागदांत येणाऱ्या सुहूर सनाचा आरंभ मृगाच्या सुमारास होतो. त्या सनांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवावे लागतात, व जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा संग्राम इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११६१ या सनांत झाला. जो सरसकट ५९९ मिळवील तो इ. स. १७६० काढील, परंतु दिवस १४ जानेवारीचा असल्यानें साल १७६१ आहे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, यांतही तीच मेख आहे : ७८ मिळविल्यास १७६० येतें, पौषाच्या उत्तर भागास ७९ मिळवावे लागतात. पानिपतासारखी प्रसिद्ध मिति कोणी चुकणार नाहीं. पण एखाद्या कसब्याच्या वसुलाचे, वतनाच्या तंट्याचे, देवस्थानाच्या इनामाचे शेंदोनशें कागद लावणाऱ्या विद्यार्थ्यानें माघ-फाल्गुनाचे सर्व कागद एक वर्ष मागें ढकलले, तर कार्यामागून कारण येऊं लागतें व निकालाआधीं फिर्याद न येतां फिर्यादीआधीं निकाल येतो. असा एक प्रबंध आमच्या पाहण्यांत आहे. त्याचें व त्याच्या विद्यापीठाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोघां बाहेरच्या परीक्षकांनीं त्यास संमति दिली होती. कोणींही दहा मित्या वानगीदाखल पंचांगाशीं ताडून पाहिल्या असत्या तर अर्ध्या घटकेंत उलगडा झाला असता.

नकलेच्या चोरीसंबंधीं २०१८ सालीं आयोगानें वेगळे नियम केले व यंत्राच्या साह्यानें साम्याची टक्केवारी काढण्याची वहिवाट पडली. शेंकडा १० पर्यंतचें साम्य त्यांत दंडनीय नाहीं. त्यापुढें ४० पर्यंत, ६० पर्यंत व ६० च्या वर अशा चढत्या पायऱ्या आहेत. हें साधन उपयुक्त आहे. परंतु त्यामुळें एक भ्रम फैलावत आहे कीं, टक्केवारी कमी तर प्रबंध निर्दोष. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, शिरोरेघ आधीं ओढून अक्षरें सलग लिहिलीं जातात, शब्द कोठें तुटतो हें वाचणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. तेथें चुकीचा पदच्छेद करून काढलेला अर्थ जगांत इतर कोठेंही छापलेला नसतो; म्हणून यंत्राच्या लेखीं तो सर्वांत स्वतंत्र ठरतो! चुकीचें वाचन हें नेहमींच अपूर्व असतें. तें ओळखावयास मोडी वाचणारा डोळाच पाहिजे.

आणि येथेंच सोलापूरचा विशेष प्रश्न उभा राहतो. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजीं एका जिल्ह्यापुरतें स्थापन झालें. तत्पूर्वीं येथील महाविद्यालयें कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं. २०१९ सालीं त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव दिलें गेलें. क्षेत्र लहान, पण साधनसामग्री विपुल. भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख या जिल्ह्यांतलाच. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ पासूनच्या देणग्यांची नोंद देतो. सिद्धरामाच्या परंपरेची साधनें कानडींत आहेत. सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्यामध्यें आंदण म्हणूनही दिला गेला व तंट्याचें मूळही झाला. ती कथा फारशी तवारिखांत आहे. अशा मुलखावरील एका प्रबंधास हळेकन्नड, मोडी व फारशी या तिन्हींचा जाणता परीक्षक एकाच माणसांत मिळणें दुर्घट. म्हणून दोन परीक्षक निवडतांना त्या दोघांच्या मिळून लिपि व भाषा प्रबंधाच्या साधनांस पुरतात कीं नाहीं हें पाहणें प्राप्त आहे. 'विषयाचा जाणता' या शब्दांत हें यावयास हवें. पण विषय म्हणजे 'इतिहास' एवढाच धरल्यास तें येत नाहीं.

कुडलच्या लेखाचेंच पाहा. श्रवणबेळगोळचा लेख इ. स. ९८३ चा व म्हणून मराठींतील पहिला, हें विधान आजही कित्येक पुस्तकांतून जसेंच्या तसें उतरून घेतलें जातें. तो लेख पुढें बाराव्या शतकांत नेण्यास सबळ कारणें दाखविलीं गेलीं आहेत, अक्षीच्या लेखाच्या शकाविषयीं मतभेद आहेत, आणि म्हणूनच कुडलचा स्पष्ट शक मोलाचा ठरतो. हा सर्व वाद ज्यास ठाऊक नाहीं असा परीक्षक जुनें विधान तसेंच पुढें जाऊं देईल. आणि हा लेख प्रकाशांत आणणारे सोलापूरचे आनंद कुंभार हे विद्यापीठांतील अध्यापक नव्हते. आयुष्यभर गांवोगांव हिंडून त्यांनीं या जिल्ह्यांतील शिलालेख शोधिले. २०२२ च्या पाठांतील 'अध्यापक' या शब्दाची मर्यादा येथें कळते. कुडलच्या लेखावरील प्रबंध तपासावयास, त्या लेखाचा ज्यास सर्वांत अधिक परिचय, तोच नियमानें बाहेर राहतो. पदवीच्या निर्णयाचा अधिकार अध्यापकांकडे राहावा याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु लिपीच्या व वाचनाच्या बाबतींत अशा जाणकाराचें लेखी मत मागविण्याची सोय असावी, असें आमचें म्हणणें आहे.

परीक्षकाच्या शिक्षणांत आणखी एक गोष्ट आली पाहिजे, व ती सर्वांत अवघड आहे : निष्कर्ष न पटणें व पद्धति सदोष असणें या दोहोंतील भेद. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. पदवीसाठीं रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्यें सादर केला. मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं तो पुन्हा लिहावा असें सुचविलें. परीक्षकांस त्यांतील ब्रिटिश धोरणावरील टीका रुचली नाहीं, असें चरित्रकार लिहितात. आंबेडकरांनीं आपले सिद्धांत न सोडतां तो ऑगस्टमध्यें पुन्हा सादर केला व नोव्हेंबर १९२३ मध्यें त्यांस पदवी मिळाली. त्याच वर्षाअखेर ग्रंथ छापला गेला, तेव्हां त्यांचे गुरु एडविन कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली. तींत अनेक मुद्द्यांवर आपलें मत निराळें आहे हें त्यांनीं लपविलें नाहीं, आणि ग्रंथाच्या विचारांतील ताजेपणाचा गौरवही केला. एकाच प्रबंधासंबंधानें दोन वृत्ति येथें समोर दिसतात. 'मला हें पटत नाहीं, तथापि हें नीट सिद्ध केलें आहे' असें म्हणण्याची ताकद ही विद्येनें आपोआप येत नाहीं. ती अभ्यासानें आणावी लागते. आज तर २०२२ च्या नियमाप्रमाणें एका परीक्षकानें प्रबंध नाकारला म्हणजे तो दुसऱ्या पर्यायी परीक्षकाकडे जातो, व त्यानेंही नाकारल्यास विद्यार्थ्याची वाट बंद होते. तीन ते सहा वर्षांचे श्रम दोघांच्या शब्दावर बुडतात. असा शब्द उच्चारणाऱ्यास तो कसा उच्चारावा हें शिकविण्याची व्यवस्था नसावी, हें न्यायाचें नव्हे.

आमच्याच क्षेत्रांत या शिक्षणाचे चांगले कित्ते पडलेले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली तेव्हां १९२३ सालीं उटगीकरांनीं संपादिलेलें विराटपर्व 'तात्पुरती आवृत्ति' म्हणून छापून विद्वानांच्या मतास टाकिलें. त्यावर आलेल्या टीकेचा विचार झाला. पुढें १९२५ सालीं बर्लिनमध्यें ल्यूडर्स यांचे हाताखालीं शिकलेले सुखठणकर संपादक झाले व १९३३ सालीं आदिपर्वाबरोबर त्यांनीं आपल्या पद्धतीचें प्रास्ताविक प्रसिद्ध केलें. पाठ कसा निवडला हें परीक्षणासाठीं उघडें मांडणें, हा त्या प्रास्ताविकाचा जीव होय. सोलापुरांतच जीवराज जैन ग्रंथमालेंत 'तिलोयपण्णत्ती' चा पहिला भाग १९४३ सालीं निघाला, आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन या संपादकांनीं कोणत्या पोथ्या वापरल्या हें वाचकांस सांगितलें. ज्या गांवानें असें संपादन पाहिलें, त्या गांवच्या विद्यापीठास परीक्षणाचा कित्ता परदेशांतूनच आणावा लागेल असें नाहीं.

मग करावें काय? आमच्या सूचना थोड्या व अल्पखर्ची आहेत. पहिली : नव्या परीक्षकानें, नांव यादींत येण्यापूर्वीं, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेंत ठेवलेल्या प्रबंधांपैकीं आपल्या विषयाचे दोन घ्यावेत, त्यांवर स्वतंत्र अहवाल लिहावा, व तो एखाद्या मुरलेल्या परीक्षकाच्या अहवालाशीं ताडून पाहावा. मोडीचें वळण जसें कित्त्यावर गिरवून येतें, तसेंच हें. दुसरी : निदान एका तोंडी परीक्षेस त्यानें श्रोता म्हणून बसावें, २०१६ च्या पाठानें याची मुभा दिलीच होती. तिसरी : अहवालांत पद्धतीविषयींचें मत व निष्कर्षाविषयींचें मत निराळ्या कलमांत असावें, आणि प्रत्येक दोषास पृष्ठांक द्यावा. चौथी : दहा आधार व दहा मित्या मुळाशीं ताडून पाहिल्या आहेत, असें परीक्षकानें सहीनिशीं लिहावें. पांचवी : ज्या खाजगी संग्रहांतील कागद आधारास घेतले, ते आज कोठें आहेत, त्यांस क्रमांक आहे काय, धन्याची परवानगी होती काय, हें तोंडी परीक्षेंत अवश्य विचारावें.

यांतील पांचवी सूचना आमच्या वाचकांच्या घरची आहे. 'खाजगी संग्रह' एवढीच टीप देऊन प्रबंध मान्य होतो. दहा वर्षांनीं धनी वारतात, वांटण्या होतात, पेटी रद्दींत जाते, आणि मग त्या कागदाचा जगांतील एकुलता साक्षी तो प्रबंधच उरतो. त्यांतील वाचन चुकलें असेल तर सुधारावयास मूळ नाहीं. शोधगंगेमुळें प्रबंध आतां सर्वांस खुले झाले, ही मोठी सोय; पण त्यामुळें चूकही घरबसल्या सर्वत्र पोंचते. पूर्वीं प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटांत पडून राहत असे. आतां पुढचा विद्यार्थी त्यासच साधन समजून त्यावर आपली इमारत रचतो.

परीक्षकांस वेळ नाहीं, मोबदला तुटपुंजा, सहा महिन्यांत काम संपवावयाचें, लहान विद्यापीठास जाणकार मिळत नाहींत, शेजारच्या विद्यापीठांत परस्परांचे विद्यार्थी परस्परांनीं तपासण्याचा मोह होतो, या अडचणी आम्हांस मान्य आहेत. त्यांतील कोणतीही शिक्षणानें सर्वस्वीं दूर होणार नाहीं. परंतु अडचणी आहेत म्हणूनच, जो थोडा वेळ मिळतो तो स्वल्पविरामांवर न दवडतां मर्मावर लागावा, हें अधिक अगत्याचें ठरतें. जिल्ह्यांतील संग्राहकांनीं व संशोधकांनींही आपला वांटा उचलावा : कोणास कोणती लिपि वाचतां येते याची एक यादी करून विद्यापीठास द्यावी, व तोंडी परीक्षेस जाऊन बसावें.

जुन्या पत्राच्या शेवटीं 'मोर्तब सूद' असें असे. तो शिक्का मजकूर वाचून, येथेंच संपला हें पाहून उठविला जाई, म्हणजे मागाहून कोणास एक अक्षर वाढवितां येऊं नये. प्रबंधावरील परीक्षकाची सही ही आजची मोर्तब आहे. ज्याचे हातीं आपण शिक्का देतों, त्यास आधीं मजकूर वाचावयास शिकवावें, एवढेंच आमचें मागणें आहे. नियमावलीच्या पुढील पाठांत ही ओळ आली, तर तो पाठ आम्ही या तिहींहून अधिक शुद्ध मानूं.